रस्ता रुंद झाला, वाटणी राहिली

2025 च्या जूनमध्ये मुकुंदवाडीत महापालिकेचे जेसीबी उतरले आणि पुढचे काही आठवडे छत्रपती संभाजीनगरात दुसरा विषयच नव्हता. जालना रोड, बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव-मिटमिट्याचा रस्ता, सगळीकडे तेच चित्र. विकास आराखड्यातल्या रेषेच्या आत आलेली दुकानं, ओटे, शेड, घरं हजारोंच्या संख्येने पाडली गेली. आयुक्त जी. श्रीकांत यांच्या या मोहिमेवरून शहरात दोन तट पडले. ज्यांचं दुकान गेलं ते एकीकडे, आणि ज्यांचा रोजचा खोळंबा कमी होणार होता ते दुसरीकडे. पाडापाडीची पद्धत, मोबदला, न्यायालयं हे वाद गंभीर आहेत, पण त्यांच्यात मी इथे शिरत नाही. मला त्यानंतरच्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ही मोकळी झालेली जागा नेमकी कोणाची?

सगळ्यांची, असं म्हणायला सोपं आहे. वाटणी न झालेलं शेतही सगळ्या भावांचंच असतं. पेरतो मात्र तो, ज्याचा नांगर मोठा आणि आवाज त्याहून मोठा.

संध्याकाळी सातच्या सुमारास गुलमंडीवर उभं राहा. पैठण गेटकडून येणारी मोटारसायकल, औरंगपुऱ्याकडून घुसणारी रिक्षा, हातगाडीवर केळी, मध्येच थांबलेली कार आणि तिच्या पुढून-मागून वाट काढणारी पिशव्या घेतलेली माणसं. इथलं भांडण मराठीत सुरू होऊन दख्खनीत संपतं. ‘ओ काका, सरका की बाजूला!’ ‘कुठं सरकू बाबा, दुकानात जाऊ का?’ ‘अरे, अंधा है क्या रे?’ चाक पायाला घासतं, आरसा दंडाला लागतो, हॉर्न तर अखंड. बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटतं, या शहरातला सर्वांत धोकादायक रस्ता हाच.

वैतागाचा विचार केला तर असेलही. पण जिवाला धोका म्हणाल, तर तो इथे कमी असतो. कारण साधं आहे: गुलमंडीवर कोणाला वेगच घेता येत नाही. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली आणि पुढे औरंगजेबाच्या काळात तटबंदी उभी राहिली, तेव्हा रस्त्याची मापं माणूस, घोडा, पालखी आणि बैलगाडी यांच्यावरून ठरत होती. मकई दरवाजा, बारापुल्ला दरवाजा किंवा पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा यांच्या कमानीतून जाताना भल्याभल्या गाडीला पाय ब्रेकवर ठेवावा लागतो. समोरून कोणी येत असेल तर थांबावं लागतं, त्याच्याकडे बघावं लागतं, हाताने ‘या’ म्हणावं लागतं. वाहतुकीचे अभियंते आज ज्यासाठी गतिरोधक, वळणं आणि अरुंद तोंडं मुद्दाम बांधतात, ते काम हे दरवाजे शेकडो वर्षं फुकट करत आले आहेत. आपण त्यांना ‘अडथळा’ म्हणतो.

आता तिथून निघून जालना रोडवर या. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको, असे एकामागून एक उड्डाणपूल. पहाटे किंवा रात्री दहानंतर इथे भांडणाचा आवाज येत नाही. गाड्या सरळ जातात. आणि पलीकडे जाऊ पाहणारा माणूस दुभाजकावर उभा राहून दोन्ही बाजूंना बघत असतो.

या दोन रस्त्यांतला फरक वेगाचा आहे, आणि वेगाचं गणित आपल्या अंदाजापेक्षा कठोर असतं. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी 30 किलोमीटरने चाललेली गाडी त्या सेकंदात 8 मीटर पुढे सरकते आणि चांगल्या, कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी 5 मीटरवर थांबते. म्हणजे एकूण 13 मीटर. ताशी 50 ने येणारी गाडी त्याच एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर पुढे आलेली असते. जिथे पहिली गाडी थांबून उभी असते, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. ती पूर्ण वेगात येऊन धडकते, आणि त्या धडकेत पहिल्या गाडीच्या मूळ वेगातल्या ऊर्जेच्या पावणेतीन पट ऊर्जा असते. चालकाला मात्र 30 आणि 50 मधला फरक किरकोळ वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गाडीचा वेग ताशी 50 वरून 65 वर गेला, तर समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. पंधरा किलोमीटरचा फरक. आपल्याकडे त्याला ‘जरा पळव’ म्हणतात.

म्हणून रस्त्यावरचा तंटा मोजताना मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. एक, ऐकू येणारा तंटा: शिवीगाळ, हॉर्न, ‘कट मारला’ म्हणून पुढच्या सिग्नलवर गाठून केलेली हमरीतुमरी. दुसरा, ऐकू न येणारा. पहिल्याच्या बातम्या होतात, व्हिडिओ फिरतात. दुसऱ्याची नोंद पोलीस ठाण्यात ‘अज्ञात वाहनाची धडक’ या तीन शब्दांत होते.

बीड बायपासचा इतिहास या दुसऱ्या प्रकाराचं उत्तम उदाहरण आहे. हा रस्ता केला तेव्हा तो शहराच्या बाहेरून जायचा होता. ट्रक गावात शिरू नयेत एवढाच त्याचा हेतू. पण शहर थांबलं नाही. स्टेशनच्या दक्षिणेला, रुळांच्या पलीकडे सातारा आणि देवळाई या गावांभोवती प्लॉटिंग झालं, अपार्टमेंट्स उभी राहिली, शाळा-महाविद्यालयं, मंगल कार्यालयं, दवाखाने आले. 2015 च्या सुमारास हा भाग महापालिकेत आला. बायपास होता तो मुख्य रस्ता झाला, पण त्याचा स्वभाव बायपासचाच राहिला. दूध आणायला निघालेली बाई, ट्यूशनला चाललेला सायकलवरचा पोरगा आणि परराज्यातला कंटेनर यांना एकाच डांबरावर सोडून देण्यात आलं. वर्तमानपत्रांनी त्याला मृत्यूचा सापळा म्हटलं, नागरिकांनी आंदोलनं केली, जड वाहनांवर वेळेची बंदी आली. पुढे धुळे-सोलापूर महामार्गाचा नवा वळणरस्ता झाला, बीड बायपासचं रुंदीकरण झालं आणि देवळाई चौक, संग्रामनगर, एमआयटी इथे पूल उभे राहिले. गाड्यांची कोंडी फुटली. पण पुलाखालून किंवा दोन पुलांच्या मधून रस्ता ओलांडणाऱ्याचं काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी ‘नंतर बघू’ या खात्यात जातो.

मरतं कोण, हे एकदा आकड्यांत पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतले 74,897 दुचाकीवरचे, 32,825 पायी चालणारे आणि 4,836 सायकलवरचे होते. शंभर मृतांमागे सदुसष्ट या तीन गटांतले. म्हणजे ज्यांच्या अंगाभोवती पत्रा नाही असे.

यातला दुचाकीवाला हा फार गुंतागुंतीचा प्राणी आहे. कारवाल्यासमोर तो दुबळा, पादचाऱ्यासमोर दांडगा. ज्या शहराच्या वाळूजमध्ये 1985 पासून बजाजच्या दुचाक्या आणि रिक्षा तयार होतात, त्या शहरात त्याच्याबद्दल थोडं समजुतीनेच बोलायला हवं. शिफ्ट सुटण्याच्या वेळेला वाळूजकडून नगर नाक्याकडे येणारा लोंढा पाहिला की कळतं, हे लोक हौसेने गाडीवर बसलेले नाहीत. घर पुंडलिकनगरात, कंपनी वाळूज किंवा शेंद्र्यात, आणि वेळेवर पोचवणारी बस मोजकी. मग तोच माणूस राँग साइडने येतो, फुटपाथवर चढतो, सिग्नलला झेब्रा क्रॉसिंगवर चाक ठेवून उभा राहतो. राँग साइडचं समर्थन मी करणार नाही. पण ती सवय कुठून येते ते पाहिलं पाहिजे. दुभाजकातलं ‘पंक्चर’ बुजवलं, चौक बंद करून यू-टर्न पुढे अर्ध्या किलोमीटरवर नेला, की समोरच्या दुकानात जायला एक किलोमीटरचा वळसा पडतो. मोटारीला तो वळसा म्हणजे दोन मिनिटं. सायकलवाल्याला तो घाम आहे, आणि पायी चालणाऱ्याला तर अशक्यच. मग पादचारी दुभाजकाची जाळी वाकवतो, सायकलवाला उलट दिशेने कडेकडेने येतो, दुचाकीवाला त्याच्या मागे लागतो. आपण याला बेशिस्त म्हणतो आणि शाळांमध्ये वाहतूक सप्ताह साजरा करतो.

पादचाऱ्यावर दुसरा आरोप असतो: फुटपाथ असून हे लोक रस्त्यावरून चालतात. कुठला फुटपाथ? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार फुटपाथवर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर सलग, मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दोन व्हीलचेअर एकमेकींजवळून जाऊ शकतील, इतकी ही जागा. आपल्याकडे फुटपाथ म्हणजे बहुधा गटारावरची फरशी. ती गुडघ्याएवढी उंच, प्रत्येक गेटपाशी तुटलेली, मध्ये डीपी, मग होर्डिंगचा खांब, मग दुकानाचा रॅम्प, मग उभ्या केलेल्या बुलेट. सत्तरीतल्या माणसाने अशा फुटपाथवर दर वीस पावलांनी चढ-उतार करायचा की सरळ खालून चालायचं? तो खालून चालतो. तुम्हीही तेच कराल.

हातगाडीवाल्यांचं नाव इथे हमखास घेतलं जातं. अतिक्रमण हटाव पथकाची गाडी आली की टपऱ्या गोळा होतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत मांडल्या जातात. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती आणि विक्रीची क्षेत्रं ठरवून देण्याची रीत घालून दिली आहे. ती नीट पाळली तर भाजीवाला आणि पादचारी एकमेकांचे शत्रू राहत नाहीत. खरं तर जिथे हातगाड्या असतात तिथे संध्याकाळी बाया निर्धास्त चालतात, दिवे असतात, माणसांचा वावर असतो. फुटपाथ खरा खातं ते पार्किंग. एक उभी कार सुमारे दहा चौरस मीटर जागा अडवते. तेवढ्यात तीन-चार जणांचा धंदा चालला असता. तरी कारला आपण ‘अतिक्रमण’ म्हणत नाही.

आणि सायकल? या शहरात सायकलवाल्यांच्या दोन जाती आहेत, आणि त्यांची भेट क्वचित होते. पहाटे हेल्मेट घालून, मागे लाल दिवा लुकलुकत ठेवून शरणापूर, दौलताबादच्या घाटाकडे निघणारे गट ही एक जात. डॉक्टर, व्यावसायिक, प्राध्यापक. त्यांच्यामुळे सायकलला प्रतिष्ठा आली, बातम्या आल्या, मागण्या आल्या. दुसरी जात म्हणजे काळ्या, दांडीवाल्या सायकलीवर डबा अडकवून जाणारा रात्रपाळीचा वॉचमन, गवंडी, पेपर टाकणारी मुलं, क्लासला जाणाऱ्या मुली. 2011 च्या जनगणनेत देशभरातल्या बिगरशेती, बिगर-घरगुती उद्योगातल्या कामगारांना कामावर कसं जाता असं विचारलं होतं. सुमारे 23 टक्के पायी जात होते, 13 टक्के सायकलने. कारने जाणारे 3 टक्क्यांच्या आसपास. ही दुसरी जात निवेदन घेऊन महापालिकेत येत नाही. म्हणून नियोजनाच्या बैठकीत सायकल म्हणजे ‘आरोग्य’ आणि ‘पर्यावरण’ असतं, रोजंदारी नसते.

2020 मध्ये केंद्रीय नगरविकास खात्याने ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा जाहीर केली. आपल्या शहराची तेव्हाची औरंगाबाद स्मार्ट सिटी तिच्यात उतरली आणि क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन या रस्त्यावर सायकलसाठी वेगळा पट्टा आखला गेला. कल्पना चुकीची नव्हती. पण डांबरावर रंग मारून सायकल ट्रॅक होत नाही, हे महाराष्ट्राने याआधी पैसे मोजून शिकलेलं आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने 2011 च्या सुमारास सायकल ट्रॅक केला. तो गाड्या लावायला कामी आला, आणि शेवटी तो काढून वाहनांसाठी लेन वाढवण्याचा निर्णय झाला. पुण्यातही ट्रॅकचे तुकडे झाले, कारण ते एका चौकापाशी सुरू होऊन पुढच्या चौकाआधीच संपतात. आणि सायकलस्वाराला सर्वाधिक धोका असतो तो चौकातच.

सायकलला जागा मुळात किती लागते? हँडल पाऊण मीटरच्या आत. पण सायकल सरळ रेषेत जात नाही. चढावर, खड्डा चुकवताना ती डुलते. म्हणून एका दिशेच्या ट्रॅकला किमान दोन मीटर धरतात. जर्मनीत शहरात सायकलला ओलांडून जाताना गाडीने दीड मीटर अंतर सोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे. दोन मीटरचा पट्टा आणि त्याच्या व मोटारींच्या मध्ये चढता येणार नाही अशी कड, एवढं झालं तर सायकल आणि कार यांच्यातला निम्मा तंटा मिटतो. उरतो तो मोटारसायकलींचा, कारण दोन मीटरच्या मोकळ्या पट्ट्यात त्या शिरणारच. त्यावर तोंडाशी दोन खांब उभे करणं हा अर्धामुर्धा उपाय आहे. खरा उपाय म्हणजे त्या ट्रॅकवर सायकली इतक्या असणं की मोटारसायकलला तिथे शिरून फायदाच होऊ नये. हे काही स्वप्नरंजन नाही. पीटर जेकबसन या अमेरिकी संशोधकाने 2003 मध्ये अनेक शहरांची आणि देशांची माहिती तपासून दाखवलं की सायकली आणि पादचारी जसे वाढतात तसा त्यांच्यापैकी प्रत्येकाचा धोका कमी होत जातो. चालकाला ते दिसू लागतात, अपेक्षित वाटू लागतात.

मग हे सगळं वेगळं करायचंच कशाला, गुलमंडीसारखं सगळ्यांना एकत्रच ठेवू, असं कोणी म्हणेल. तेही कोणी करून पाहिलेलं आहे. हान्स मोंडरमन या डच वाहतूक अभियंत्याने द्राख्तन गावातल्या एका मोठ्या चौकातले सिग्नल आणि बहुतेक पाट्या काढून टाकल्या. लोक एकमेकांकडे बघून चालू लागले आणि चौक सुरळीत राहिला. पण तिथे गाड्यांचा वेग आधीच उतरवलेला होता. अंध व्यक्तींच्या संघटनांनी तरीही तक्रार केली, कारण नजरेला नजर देणं त्यांना शक्य नसतं. मला यातून एवढंच दिसतं: वेग ताशी 30 च्या खाली असेल तर मिसळा, वर असेल तर वेगळं करा. पैठण गेट ते गुलमंडी, सराफा, सिटी चौक हा भाग मिसळण्याचा आहे; तिथे गाड्या कमी करा, ठरावीक वेळा बंद करा. पुणे महापालिका 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते. व्यापाऱ्यांच्या मालाला तेवढ्याने कीड लागलेली नाही. जालना रोड आणि बीड बायपास मात्र वेगळं करण्याचे रस्ते आहेत. आपण नेमकं उलटं करतो. गुलमंडीत रुंदीकरण करून वेग आणायला बघतो, 2011 च्या सुमारास जुन्या शहरात तेच झालं, आणि बायपासवर सगळ्यांना एकत्र सोडतो.

कायदा याबाबत मुका नाही. 2017 च्या मोटार वाहन चालन नियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगपाशी चालकाने वेग कमी करून, थांबून पादचाऱ्याला जाऊ दिलंच पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आलं: सुरक्षेची मानकं न पाळता रस्ता बांधला आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदार, सल्लागार आणि संबंधित प्राधिकरणाला एक लाखापर्यंत दंड. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथ हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पादचारी व विनामोटार वाहनांसाठी सहा महिन्यांत नियम करा, असे आदेश राज्यांना दिले. योगायोग असा की या दोन तारखांच्या मधल्याच काळात आपल्याकडे जेसीबी चालत होते.

म्हणून आता वेळ नकाशे बघण्याची आहे. रस्ता 60 मीटरचा झाला की आनंद होतो, पण सिग्नलच्या हिशेबात माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात. 60 मीटर ओलांडायला त्याला 50 सेकंद लागतात, म्हाताऱ्याला त्याहून जास्त. एवढा हिरवा दिवा त्याला मिळणार आहे का? नसेल तर मध्ये थांबायला रुंद, सपाट जागा आहे का? दोन्ही कडांना तीन-तीन मीटर फुटपाथ आणि दोन-दोन मीटर सायकल ट्रॅक दिला तरी 60 पैकी 50 मीटर उरतात. जागा नाही, हे कारण या रस्त्यांवर तरी आता चालणार नाही.

नेहमीचा क्रम असा असतो: आधी डांबर, मग दुभाजक, मग पथदिवे, आणि निधी उरला तर फुटपाथ. निधी उरत नाही. हा क्रम उलटा करा, एवढीच मागणी आहे. आपल्या प्रभागातून जाणाऱ्या रस्त्याचा आडवा छेद वॉर्ड कार्यालयात जाऊन मागा, माहिती अधिकारात मागा. त्यावर फुटपाथची रुंदी, कडेची उंची, ओलांडण्याची ठिकाणं आणि दोन ठिकाणांमधलं अंतर लिहिलेलं आहे का ते पाहा. नसेल तर हरकत लेखी द्या, आणि ती डांबर पडण्याआधी द्या. एकदा डांबर पडलं की ती जागा मोटारींच्या नावावर चढते, आणि तिथून ती परत मिळवल्याची उदाहरणं आपल्याकडे फार थोडी आहेत.